उमेदवार अविवाहित असावा

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
३ नोव्हेंबर २००१

मामा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं का 'प्रिय' ते ठरेना, म्हणून नुसतं मामा. आज्जीला कळलं तर म्हणेल, ठरलेल्या नवऱ्याला मामा म्हणतीस व्हय गं भवाने? म्हणू दे. आईच्या भावाला मामा नाही म्हणायचं तर काय पावणं म्हणायचं?

दसऱ्याला तू न जेवता गेलास. सोनं द्यायला आलेल्या लोकांसमोर मी "मला मामाशी लगीन करायचं न्हाई" असं ओरडले. हे चारचौघांत बोलायला नको होतं, असं सगळे म्हणतात. मग कुठं बोलायचं होतं? अव्वा माझी आई ना? तिला एकटीला गाठून कितीदा सांगितलं, तिनं दर वेळी भाकरी थापत "बरं" म्हटलं आणि दुसरी भाकरी घेतली. ओरडले तेव्हा निदान ऐकू तरी गेलं. माझं काही चुकलेलं नाही. तू जेवून जायला हवं होतंस, एवढंच.

फोन करणार होते, पण आपला फोन दुकानात, आप्पांच्या गल्ल्याशेजारी. आणि तुझ्या मंड्याच्या साखर कारखान्यात फोन लावला की ऑपरेटर कन्नडमधनं "केमिस्ट साहेब लॅबमध्ये हायेत" एवढंच सांगून ठेवून देतो. म्हणून पत्र.

मुद्द्यावर येते. मला पुण्याच्या मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात जायचंय. एएफएमसी. फी नाही, शिकून झालं की फौजेत डॉक्टरकी करायची. जाहिरात नजीरानं आणून दिली. तुला आठवत असेल, माझ्या वर्गातली, जिच्या अब्बांचं बाजारगेटला शिलाईचं दुकान आहे ती. जाहिरात वाचता वाचता मी एका ओळीवर थांबले. उमेदवार अविवाहित असावा, आणि शिक्षण पुरं होईपर्यंत त्याला लग्न करता येणार नाही. मामा, मी दुकानातच उडी मारली. ज्वारी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, पोरीला विंचू चावला. अरे, अख्ख्या लक्ष्मीपुरीत माझ्या बाजूनं एक माणूस नाही आणि इथं भारत सरकारच म्हणतंय, लग्न करू नको!

मी अजून अठराची नाही, म्हणून फॉर्मवर आप्पांची सही लागते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी अक्काला शब्द दिलाय. मोडायचा तर वीरेशनं मोडावा. त्यानं आपणहून, तू न शिकवता, माझ्या तोंडावर नको म्हटलं तर सही. न्हाई तर फॉर्म चुलीत." त्यांची अक्का म्हणजे माझी आज्जी, तुझी आई, आता तिच्यापुढं कोण बोलणार?

तू न शिकवता म्हणाले, आणि मी शिकवायला बसले आहे. पण दुसरा मार्ग नाही. जानेवारी संपायच्या आत फॉर्म पुण्याला पोचायला हवा. तू ये आणि नको म्हण. एक शब्द आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवताना एका रिॲक्शनसाठी अर्धा तास बोलायचास की.

सौंदर्या


२५ नोव्हेंबर २००१

मामा,

दिवाळीलाही आला नाहीस. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, रजा नाही, असं आप्पांना कळवलंस. आज्जीनं तुझा फराळ डब्यात घालून वेगळा ठेवलाय आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघते.

तू रागावला असशील. रागव. पण पत्र फाडू नको, वाच. तयारी कशी चाललीय ते दुसऱ्या कुणाला सांगू?

लेखी परीक्षा मेमध्ये. ती मी मारणार, त्याची काळजी नाही. पण नंतर मुलाखत असते आणि शरीराची तपासणी असते. म्हणून रोज सकाळी रंकाळ्याला पळायला जाते. पहिल्या दिवशी पोटात असं दुखलं की भेळवाल्याच्या बाकावर आडवी झाले. वजन कमी भरेल अशी भीती आहे, तर दुकानातल्या धान्याच्या काट्यावर बसून वजन करते. आप्पा म्हणतात, "पोरी, तुझ्यापेक्षा अर्धं पोतं तांदूळ बरं, निदान विकलं तरी जातंय." नजीरा आणि मी पळताना इंग्रजीत बोलतो. मुलाखत इंग्रजीत असते ना. ती विचारते, मी धापा टाकत उत्तर देते. परवा एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "पोरीनू, भांडताय कशाला सकाळी सकाळी?"

एक कुणाला सांगू नको. कॉलेजात रक्तदानाचं शिबिर झालं. मी मोठ्या ऐटीत बघायला गेले. सुई बघितली आणि खाली बसले. नजीरानं तोंडावर पाणी मारलं. डॉक्टर होणार आणि सुईला भिते! यावरही उपाय काढणार आहे.

आता जे लिहायला बसले ते. बायोलॉजीच्या सरांनी घराण्याचा नकाशा काढायला शिकवला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे एक रेघ. मी आपल्या घरचा काढला. आप्पांची थोरली बहीण आज्जी. आज्जीला दोन मुलं, अव्वा आणि तू. आप्पांनी बहिणीच्याच मुलीशी, अव्वाशी लग्न केलं. त्यांना मी आणि शिवांजली. म्हणजे आप्पा तुझे मामाही आणि मेव्हणेही, आणि आज्जी माझी आज्जीही आणि आत्याही. सरांनी वही आपल्याकडं ओढून घेतली. मग म्हणाले, जवळच्या नात्यात लग्न असेल तर एक नाही, दोन रेघा काढायच्या. मी आप्पा आणि अव्वामध्ये दुसरी रेघ काढली. शिवांजलीच्या गोलात रंग भरायला सांगितला, कारण तिला जन्मापासून ऐकू येत नाही. सर म्हणाले, "अशा लग्नात धोका वाढतो. प्रत्येक वेळी तसं होतंच असं नाही, आणि तुझ्या बहिणीचं त्यामुळंच झालं हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

ती वही मी घरी येऊन अव्वाला दाखवली. मला वाटलं तिला बरं वाटेल. तुला माहीत नसेल, तिला दहा वर्षं वाटतंय की शिवांजलीच्या वेळी दिवस गेलेले असताना तिनं ग्रहणात विळीवर भेंडी चिरली, म्हणून पोरगी बहिरी झाली. आजही ग्रहण असलं की ती विळी माळ्यावर टाकून देते. मी म्हटलं, अव्वा, विळीचा काही संबंध नाही, हे बघ, ह्या दोन रेघा. तिनं विचारलं, "म्हंजे माझं लगीनच वाईट झालं व्हय?" त्या रात्री ती जेवली नाही. विळी बरी होती म्हणायची पाळी आली.

म्हणून मला शिकायचंय, मामा. आणि आपल्या दोघांच्या नावामध्ये मी ती दुसरी रेघ काढू देणार नाही.

सौंदर्या


१६ डिसेंबर २००१

वीरेशमामा,

पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड! पोस्टमननं वाचलं, शेजारच्या बाळूमामांनी वाचलं, शेवटी मला मिळालं. तुला आंतर्देशीय पत्र महाग झालं का?

काय म्हणे, 'लग्न साधेपणानं उरकून घेऊ, मग तू मंड्याला येऊन बी.एस्सी. कर, घरातले सगळे खूश राहतील.' सगळे म्हणजे कोण ते एकेक सांग. आज्जी खूश. आप्पांचा शब्द राहिला म्हणून आप्पा खूश. मी बी.एस्सी. करून तुझा डबा भरणार. वा रे वा! आणि ते एएफएमसीचं काय, ते पोस्टकार्डावर मावलं नाही वाटतं?

नजीरा म्हणाली, फाडून टाक. मी फाडलं नाही, तीनदा वाचलं. कारण अक्षर तुझं आहे, पण वाक्यं आज्जीची आहेत. 'उरकून घेऊ' हा शब्द तू कधी वापरत नाहीस. त्यावरनं मला एक गोष्ट सुचली, ती विचारते.

माझं बारसं झालं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझे वडील नुकतेच गेले होते, तुम्ही मायलेकरं आमच्याकडं राहायला आला होता. आज्जीनं मला पाळण्यातनं उचलून तुझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, ही तुझी बायको. सगळे हसले. ही गोष्ट आपल्या घरात दर वर्षी सांगतात. मी आजपर्यंत तिच्यात फक्त माझ्याकडं बघत आले. मला कुणी विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही. पण मामा, तुला विचारलं का कुणी? तिसरीतल्या पोराला? आणि नंतर, तू बी.एस्सी. झालास, नोकरीला लागलास, तेव्हा? तुझ्याबरोबरच्या सगळ्यांची लग्नं झाली, पोरं झाली. तू सत्तावीस वर्षांचा घोडा माझी दहावी, माझी बारावी संपायची वाट बघत बसलास. तुला कधी दुसरं कुणी आवडलं का, हे तरी कुणी विचारलं?

मी विचारते. उत्तर पोस्टकार्डावर लिहू नको.

तू मला आवडतोस. तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून मी अख्खं कोल्हापूर बघितलं. पण तो मामा आवडतो. त्याचा नवरा झाला तर माझा मामाही जाईल आणि मला नवराही मिळणार नाही.

सौंदर्या


१७ जानेवारी २००२

श्री. वीरेश यांस,

हे शेवटचं पत्र.

संक्रांतीला आलास. मला वाटलं, माझं पत्र पोचलं, आता सरळ बोलशील. सगळे जमले होते. आज्जीनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, आता तारीख धरू. आणि तू काय बोललास? "ही? ही काळी पोरगी? उंटासारखी वाढलीय, तोंडाला कुलूप न्हाई. धान्याच्या काट्यावर बसून वजन करती. असलं ध्यान मी घरात न्हेणार न्हाई. चार लोक हसतील मला."

मी नको म्हण म्हटलं होतं. माझी चेष्टा कर म्हटलं नव्हतं. काट्याचं तुला मी लिहिलं होतं. विश्वासानं. तेवढ्यावर थांबलासही नाहीस. आप्पा उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसून म्हणालास, "आणि म्हणं डॉक्टर व्हायचंय. सुई बघितली की जमिनीवर पडती. हिला कोण डॉक्टर करतंय?"

आप्पांना मी इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या पोरीला नको म्हणतोस? माझ्या दुकानात वाढलास, माझ्या ताटात जेवलास आणि माझ्या पोरीला ध्यान म्हणतोस? चालता हो. पुन्हा ह्या घराची पायरी चढायची न्हाई." आज्जी रडायला लागली तर तिलाही म्हणाले, "अक्का, शब्द तुझ्या पोरानं मोडला. माझा हिशेब मिटला." तू चप्पल घातलीस आणि गेलास. आप्पांनी सगळ्यांसमोर माझ्याकडनं फॉर्म मागून घेतला आणि असा दाबून सही केली की कागद फाटायचा राहिला. "ह्याच्या नाकावर टिच्चून हिला मिलिटरीत डॉक्टर करतो का न्हाई बघा," म्हणाले. काल मी स्वतः रजिस्टर पोस्टानं फॉर्म पाठवला.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. तरी मी दोन दिवस रडले, आणि ते तुला कळावं असं मला वाटतं. राग एकच, की तू माझी पत्रं वाचलीस. वाचून त्यातलेच दगड काढून मारलेस.

मी काळी आहे. मग? तुझ्याकडनं ऐकायचं नव्हतं.

सौंदर्या रुद्राप्पा


७ जुलै २००२

मामा,

शेवटचं पत्र म्हटलं होतं. बोलण्यावर राहणं आपल्या घरात कुणाला जमलंय?

पुण्याच्या यादीत माझं नाव आहे. आधी ते ऐक, मग बाकीचं.

लेखी झाली. त्यातनं मुलाखतीला बोलावलं. आप्पा बरोबर आले. एसटीत पेठ वडगाव जाईपर्यंत ते मला समजावत होते की साहेब लोकांसमोर आवाज खाली ठेव, आणि शेजारच्या माणसाला सांगत होते, "पोरगी मुलाखतीला चाललीय. मिलिटरीत." तपासणीत रक्त काढलं. मी डोळे घट्ट मिटून मनात एकोणिसाचा पाढा म्हटला आणि पडले नाही. नऊवर अडकले, पण तोवर सुई बाहेर आली होती.

मुलाखतीला टेबलापलीकडं चौघं. 'इथंच का यायचंय?' या प्रश्नाचं उत्तर मी आणि नजीरानं रंकाळ्याच्या कडेनं निदान शंभर वेळा घोकलं होतं, देशसेवा, शिस्त, सगळं. पहिलं वाक्य बोलले आणि मला माझंच हसू आलं. म्हटलं, सर, खरं सांगू का? इथं लग्न करता येत नाही म्हणून. तिघं हसले. एक मॅडम होत्या, युनिफॉर्ममध्ये, त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ही अट नसती, तर डॉक्टर व्हायचं होतं का?"

मग मी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, जिथं शब्द अडला तिथं मराठीत. म्हटलं, माझ्या लहान बहिणीला ऐकू येत नाही. माझ्या आईला वाटतं, ते तिनं ग्रहणात विळी हातात धरल्यामुळं झालं. ते तसं नाही हे मला पुस्तकात मिळालं. पण मी ते सांगितलं तर आई उपाशी झोपली. खरं सांगायचं आणि समोरच्या माणसाला त्यात दोषी नाही करायचं, हे मला येत नाही. माझ्या गावाकडं घरोघरी अशी लग्नं होतात. त्यांना सांगणारा डॉक्टर त्यांच्याच घरातला पाहिजे, बाहेरच्याचं ऐकणार नाहीत. मला ते शिकायचंय. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "यू मे गो." बाहेर येऊन मी आप्पांना म्हटलं, गेलं सगळं, मी फार बोलले. आप्पा म्हणाले, "ते मला एसटीतच माहीत हुतं."

आणि परवा यादी आली.

आज आप्पांनी पेढे वाटले. प्रत्येकाला सांगत होते, "ज्यानं नको म्हटलं त्याला म्हणावं बघ आता." मीही हसत होते. अव्वा मात्र मला आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सहा महिने सांगितलं नाही. संक्रांतीला आप्पांनी चालता हो म्हटल्यावर तू मागच्या दारानं स्वयंपाकघरात आलास. पाणी मागितलंस. उभ्यानंच तांब्याभर प्यालास. आणि तिला विचारलंस, "अक्का, फॉर्म कधीपर्यंत पोचायला पायजे?"

मी मटकन खाली बसले. सुई नसताना.

अव्वा म्हणाली, "सरळ नको म्हटलं असतं, तर आज्जी म्हणाली असती पोरीनंच त्याला पढवलंय. मग आप्पांनी सही केली नसती. त्यानं असं बोलायला पायजे हुतं की तुझ्या आप्पांना आग लागावी." आणि मग, मामा, अव्वा स्वतःहून म्हणाली, "मला बी कुणी विचारलं न्हवतं गं." एवढंच. उठून भाकरी करायला गेली.

मी तुला काय काय लिहिलं. तू एका ओळीनं तरी सांगायचंस की! नाही सांगितलंस, कारण मी तुझ्यावर मनापासनं चिडलेली दिसायला हवी होते, बरोबर ना? सहा महिने तुला शिव्या दिल्या मी. नजीराला तर नवीन शिव्या शोधायला लावल्या. आणि तू तिकडं आईपासनं तुटून, घरापासनं तुटून, एकटा बसलास.

तुझे उपकार मानत नाही. तुझा राग येतो. रडून रडून डोळे सुजलेत, आणि बाहेर आज्जी विचारतेय, पेढे वाटायच्या दिवशी ही का रडती.

सौंदर्या


पुणे
४ ऑगस्ट २००२

मामा,

कॉलेजात दाखल होऊन चार दिवस झाले. केस कसे बांधायचे, खोली कशी ठेवायची, सगळ्याला नियम आहेत. आवाज खाली ठेवायचा नियम सगळ्यांत अवघड.

आप्पा सोडायला आले होते. करारावर त्यांच्या सह्या झाल्या, माझ्या झाल्या. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. आता कुणालाही काही मागं घेता येणार नाही अशी खात्री झाल्यावर मी म्हटलं, "आप्पा, मामानं ते मुद्दाम केलं. मला इथं येता यावं म्हणून."

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले. म्हणाले, "माहीत हाय."

मग आप्पाच म्हणाले, "तू त्याच्या तोंडाकडं बघत हुतीस, मी त्याच्या हाताकडं. चौथीत असल्यापास्नं माझ्या दुकानात बसलेलं पोरगं. खोटं बोलायला लागलं की अंगठा मुठीत धरतंय. गूळ चोरून खाल्ला तवाबी असाच धरायचा."

"मग त्याला घराबाहेर का काढलं?"

"आत ठेवला असता तर अक्कानं दोन दिवसांत त्याच्याकडनं खरं काढलं असतं. मग हे कॉलेज दिसलं असतं व्हय तुला?" मग बशी खाली ठेवली. म्हणाले, "रांडमुंड झालेल्या बहिणीला दिलेला शब्द. तो मोडायची माझ्यात हिंमत न्हवती. पोरानं मोडला, आणि बोल मी त्याच्याच डोक्यावर ठेवला. बापाचं काम त्यानं केलं गं." आणि आप्पा टपरीवर, सगळ्या पुणेकरांच्या देखत, रडले. मीही रडले. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत, त्याला वाटलं कुणी गेलंय.

मी म्हटलं, मग आता त्याला घरी बोलवा. आप्पा म्हणाले, आज्जी आहे तोवर ते जमणार नाही. तिला खरं कळलं तर ती तुलाही क्षमा करणार नाही आणि आप्पांनाही. मला हे पटलेलं नाही. आज्जीचं मी बघते. दिवाळीला जाणार आहे तेव्हा तिच्यासमोर बसून सांगणार, न ओरडता. ते शिकायलाच आले आहे ना इथं? तिनं भिंतीकडं तोंड केलं तर मी भिंतीच्या बाजूला जाऊन बसेन.

पण तोवर हे. गाडीत बसताना आप्पांनी मला खिडकीशी बोलावलं आणि म्हणाले, वीरेशला लिही. त्यांचेच शब्द लिहिते: "म्हणावं, कोल्हापुरातल्या माझ्या घराची पायरी चढायची न्हाई हे मी बोललो, ते बोललो. पण पुण्यात कुठं माझं घर हाय?"

१८ तारखेच्या रविवारी आम्हाला बाहेर सोडतात. आप्पा आणि अव्वा शिवांजलीला घेऊन सकाळच्या गाडीनं येणार आहेत. तू शुक्रवारी रात्रीच मंड्याहून निघ.

सौंदर्या